वाघाची सोयरीक

‘रानाचं टपाल’ : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्याच्या टपालात एकवीस पत्रं आहेत, त्यांतली नऊ एकट्या काळ्या वाघाबद्दल. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवलेला दिसतो. त्या नऊ जणांना मिळून एकच उत्तर देते, बाकीची निवडक घेते. ज्यांचं राहिलं त्यांनी रागावू नये. नागपूरचा उन्हाळा आहे, कूलर आणि मी दोघंही सध्या पाणी पीत पीत चालतोय.

ताई, आम्ही ओडिशाला सहलीला गेलो होतो. सिमलीपालमध्ये काळे वाघ आहेत आणि ते वाढताहेत, असं गाइड छाती फुगवून सांगत होता. एवढे दुर्मीळ वाघ असताना आपल्या ताडोबाच्या वाघिणी तिकडे कशाला पाठवल्या? — निवृत्त बँक कर्मचारी, अकोला

गाइडची छाती फुगली त्यात नवल नाही. तो वाघ दिसतोच तसा. पण ‘काळा’ म्हणून डोळ्यासमोर कोळसा आणू नका. पट्टे इतके रुंद झालेले असतात की ते एकमेकांत मिसळतात आणि मधला पिवळा रंग कुठंकुठं रेघेएवढा उरतो. चंद्रकळेवर कुणी पिवळ्या दोऱ्यानं धावदोरा घातलाय असं वाटतं.

हे का होतं, याचा छडा २०२१ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. ‘टॅकपेप’ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल, बस. हेच जनुक मांजरातही असतं. माझी भाची लंडनला असते, तिच्या मांजरीच्या कुशीवर सरळ पट्ट्यांऐवजी जिलबीसारखे भोवरे आहेत. ती करामतही याच जनुकातल्या बिघाडाची.

आता खरी गोम ऐका. हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला तरच वाघ काळपट होतो. एकाकडूनच आला तर पट्टे नेहमीसारखे, कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट दोन्ही बाजूंनी एकाच पिल्लाच्या वाट्याला यायला हवी. भारतातल्या इतर जंगलांत ती येत नाही. सिमलीपालमध्ये मात्र त्या अभ्यासाच्या वेळी सुमारे ३७ टक्के वाघ असे निघाले, आणि ओडिशाच्या अलीकडच्या गणनेत तर जवळजवळ निम्मे. इतक्या वेळा तीच ती चिठ्ठी निघते, याचा अर्थ डब्यात चिठ्ठ्याच थोड्या आहेत.

लहान खेड्याचं उदाहरण घ्या. बाहेरून सून येणं बंद झालं, जावई येणं बंद झालं, तर चार पिढ्यांत सगळं गाव एकमेकांचं आतेमामे होऊन बसेल. सिमलीपालचं तेच झालंय. मोजक्या वाघांपासून ती वस्ती वाढली आणि बाहेरचा वाघ आत येईल अशी वाट राहिली नाही. काळेपणानं वाघाचं काही बिघडतं का? तसं दिसलेलं नाही. पण जो दोष अंगावर दिसतो तो आपण मोजू शकलो. जे दोष अंगावर दिसत नाहीत तेही अशाच दोन्ही बाजूंनी जुळून येत असणार, आणि काळजी त्यांची आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या प्यूमा या मोठ्या मार्जारांची संख्या वीस-तीसवर आली, तेव्हा त्यांच्या शेपटीला गाठ पडायला लागली, हृदयात दोष निघाले, नरांची वृषणं खाली उतरेनात. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या पाचांनाच पिल्लं झाली, पण तेवढ्यानं पुढच्या पिढ्यांतल्या शेपट्या सरळ झाल्या आणि संख्या काही वर्षांत तिपटीच्या घरात गेली.

ताडोबाच्या दोघी याच कामाला गेल्या. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर जमुना, मागोमाग नोव्हेंबरात झीनत. नर पाठवला असता तर आधी तिथल्या नरांशी हाणामारी, मग बाकीचं. जमुना राहिली. झीनतला मात्र सासर पसंत पडलं नाही. ती निघाली ती झारखंडात, तिथून पश्चिम बंगालमध्ये, आणि डिसेंबरच्या शेवटी बांकुडा जिल्ह्यात भूल देऊन तिला पकडून परत आणावं लागलं. पेपरवाल्यांनी ‘माहेरच्या ओढीनं’ वगैरे लिहिलं. माहेर पश्चिमेला, बाई गेली उत्तरेला आणि पूर्वेला. ओढ नव्हती ती, जागेचा शोध होता.

माझं मत विचाराल तर वाघीण ट्रकमधून नेणं म्हणजे सलाइन लावणं आहे. कधीकधी लावावंच लागतं. पण माणूस सलाइनवर संसार करत नाही. टिपेश्वरमध्ये जन्मलेला तो ‘वॉकर’ वाघ आठवतोय का? २०१९ मध्ये निघाला, महाराष्ट्र आणि तेलंगणातून तीन हजारांवर किलोमीटर चालला, शेतांतून, नाल्यांतून, रात्री रस्ते ओलांडत, आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. सगळं आपलं आपण. तिथं मादीच नव्हती, म्हणून सोयरीक जमली नाही एवढंच. नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून खालून मोकळी जागा ठेवली आहे, तिथं वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यात दिसतात. त्या पुलांच्या खर्चावरून तेव्हा पुष्कळ कुरकूर झाली होती. दोन वाघिणींच्या एका ओडिशावारीत किती माणसं, किती गाड्या, किती रात्री गेल्या ते पाहिलं की ती कुरकूर मला आता ऐकवत नाही.

पांढरा वाघ ही वेगळी जात आहे का? ती वाचवण्यासाठी काय करता येईल? — गृहिणी, नाशिक

वेगळी जात नाही, आणि वाचवण्यासारखंही काही नाही. साध्या वाघाच्या रंगाच्या एका जनुकातला तो बदल आहे. २०१३ मध्ये त्याची नेमकी जागाही सापडली. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा पकडला. साध्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्लं होईनात, म्हणून पुढं त्याच्याच मुलीशी, राधाशी, त्याचा जोडा लावला. १९५८ मध्ये चार पांढरी पिल्लं झाली आणि जगभरच्या पिंजऱ्यांची सोय झाली. तिरळे डोळे हा त्या रंगाबरोबर येणारा आहेर. तिकिटाच्या पैशांत सरळ डोळ्यांचा पिवळा वाघ बघा.

मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. वाघाच्या विष्ठेवरून तो कोणता वाघ ते ओळखतात हे खरं आहे का? म्हणजे नक्की काय करतात? — विद्यार्थिनी, वणी

खरं आहे. मी एका प्रयोगशाळेत बरीच वर्षं हेच केलं, त्यामुळं तुझं पत्र वाचून हाताला जुना वास आला.

वनखात्यातले लोक तिला स्कॅट म्हणतात, तूही म्हण. वाघ बहुधा वाटेच्या कडेलाच बसतो, म्हणजे शोधाशोध फार नाही. सकाळी लवकर निघायचं, थंडीत. पावसाळ्यात उपयोग नाही, शेणकिडे रात्रीत अर्धी गुंडाळून नेतात आणि उरलेली धुऊन जाते. ताजी असेल तर वरून एक चकाकी असते, लाख लावल्यासारखी. हवी असते ती चकाकी. आतले केस आणि हाडांचे तुकडे हरणाचे किंवा रानडुकराचे असतात, त्यावरून वाघानं काय खाल्लं ते कळतं. वाघ कोण ते कळतं वरच्या थरावरून, कारण बाहेर पडताना त्याच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्या थराला चिकटून येतात. हातमोजे घालून वरचा थर हलकेच खरवडायचा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. वाकून बघताना शिंकायचं नाही, नाहीतर पुढं सगळ्या तपासणीत आपलाच डीएनए नाचतो. मग प्रयोगशाळेत ठरावीक ठिकाणच्या खुणा वाचायच्या. आधी वाघ की बिबट्या, मग नर की मादी, मग कोण. दोन स्कॅटच्या सगळ्या खुणा जुळल्या तर प्राणी एकच. अर्ध्या जुळल्या तर आई-मूल असू शकतं. ही वाघीण त्या जंगलातल्या त्या नराची मुलगी, हे तिला एकदाही न बघता सांगता येतं. मला तर पहिला जिवंत वाघ दिसला तो नोकरीच्या चौथ्या वर्षी, तोपर्यंत माझी ओळख त्याच्या याच बाजूशी.

एक किस्सा सांगते. २०१६ साल. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. आमच्या जीपमध्ये साठ बाटल्या, प्रत्येकीत स्पिरिट. नाक्यावर गाडी अडवली. शिपायानं बाटली उचलली, झाकणाशी नाक नेलं, “मॅडम, हे काय?” म्हणाला. मी खरं ते सांगितलं. त्याला ती थाप वाटली. त्यानं झाकण उघडलं. पुढची एकोणसाठ झाकणं उघडावी लागली नाहीत. आमचा ड्रायव्हर वरोऱ्यापर्यंत हसत होता. पण त्या एका बाटलीतला नमुना गेला, वर्षभर मी त्याची हळहळ केली.

बारावीला जीवशास्त्राबरोबर गणित सोडू नकोस. या कामात अर्धा दिवस आकडेच बघावे लागतात.

ताई, आमचं शेत नान्नजजवळ. लहानपणी माळढोक दिसायचा, आता माळ पण नाही आणि ढोक पण नाही. राजस्थानात म्हणे नळीतून माळढोक जन्माला घातला. तसे इथं आणून सोडणार का? आणि सोडले तर परत आमच्या सातबाऱ्यावर शिक्के मारणार का? — द्राक्ष बागायतदार, उत्तर सोलापूर

शिक्क्यांचं आधी. १९७९ मध्ये माळढोकाचं जे अभयारण्य झालं ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली भरली गावं त्यात आली. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांनी राग काढला तो पाखरावर. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर मनं विटली होती. ज्यांच्या ज्वारीत पाखरू अंडं घालतं त्यांनाच शत्रू करून ठेवलं. ही चूक कुणी मोठ्यानं कबूल केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

नळीतून नव्हे, गाय भरवतो तसंच. जैसलमेर जिल्ह्यात रामदेवराच्या केंद्रातल्या नराचं वीर्य घेऊन सम केंद्रातल्या मादीला दिलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पिल्लू बाहेर आलं. माळढोकात हे पहिल्यांदाच. याचं महत्त्व तुम्हाला तुमच्या बागेतून सांगते, म्हणजे लगेच पटेल. सोनाका हे वाण तुमच्या नान्नजचंच. थॉम्पसनच्या वेलात निसर्गानं एक बदल केला, तुमच्या गावच्या शेतकऱ्याच्या नजरेनं तो हेरला. त्यानंतर प्रत्येक सोनाका ही त्याच वेलाची काडी, डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली. एकर असो की शंभर एकर, आत वेल एकच. म्हणून तर ढग आले की एकाच रात्री सगळ्या बागेवर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येतो आणि तुम्ही पहाटे तीनला ट्रॅक्टर काढता. बागेला तुम्ही आहात. माळढोकाला कोण फवारणी करणार? देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास, आणि त्यांच्या डीएनएमधलं वैविध्यही फार कमी निघालंय. अशा वेळी कुठल्या नराची कुठल्या मादीशी गाठ घालायची हे पत्रिका बघून ठरवता येणं, ही मोठी सोय आहे. दोघांना एका ठिकाणी आणायचीही गरज नाही.

इथं आणता येतील का? त्याच तपासण्यांत आणखी एक दिसलं होतं, राजस्थानचा आणि इकडचा माळढोक यांच्यात वेगळेपणा जवळपास नाही. म्हणजे रक्ताची अडचण नाही. अडचण उतरायचं कुठं याची. एका वेळी एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. अंगानं जड, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं समोरची वीजतार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याला लागतं मोकळं गवत, नाकतोडे, भोवती कोरडवाहू ज्वारी, हुलगा. तुमच्याकडं पाणी आलं, ऊस आला, बागांना तारा आणि लोखंडी अँगल आले. तुम्ही कोरडवाहूच राहा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? ज्याला माळ ठेवायचाय त्याला दरवर्षी, बागेच्या नसलं तरी ज्वारीच्या हिशोबानं पैसे मिळाले तर काही एकर राहतील. तशी पक्की व्यवस्था झाली तर पिल्लं मागू. आधी नको.

अमेरिकेत दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेला लांडगा परत आणला. मग आता प्राणी नष्ट होण्याची भीती संपलीच ना? — सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

एप्रिल २०२५ ची ती बातमी. रोम्युलस, रेमस आणि खलिसी ही तीन पिल्लं. कोलोसल नावाच्या कंपनीनं जुन्या दातातून आणि कवटीतून डायर वुल्फचा, म्हणजे त्या नष्ट झालेल्या लांडग्याचा, डीएनए वाचला, हे काम खरोखर थोर. पण पुढं त्यांनी साध्या करड्या लांडग्याच्या पेशी घेतल्या, १४ जनुकांत २० बदल केले आणि कुत्रीच्या पोटी पिल्लं वाढवली. लाखो फरकांतले वीस. तुमच्या भाषेत, जुन्या प्रोग्रॅमचा आयकॉन नव्यावर लावला. बघायला आलेल्यांना तेवढं पुरतं.

आणि तुम्ही पुण्याचे म्हणून सांगते, सासवड-बारामतीकडच्या माळावरचा लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या घराण्यांपैकी. त्याला परत आणायची गरज नाही, तो अजून आहे. तुमच्याच जिल्ह्यात वेगळ्याच फिकट रंगाचा लांडगा दिसला, त्याच्या जनुकांची तपासणी झाली, आणि २०२३ मध्ये नक्की झालं की तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर आहे. वर काळ्या वाघांना बाहेरचं रक्त हवं म्हटलं, आणि इथं मी तेच नको म्हणतेय, असं वाटेल. तिथं वाघाला वाघीण हवी होती. इथं लांडग्याला लांडगी मिळेना आणि कोंबड्यांच्या टाकलेल्या कचऱ्यावर पोसलेली कुत्र्यांची टोळी मात्र माळभर. चार पिढ्या असंच चाललं तर लांडगा मरणार नाही, विरघळेल. त्या कचऱ्याचा बंदोबस्त ग्रामपंचायतीला करता येतो, जनुकं कापायची कात्री लागत नाही.

आमच्या मंडळानं नदीत महाशीरचं बीज सोडायचं ठरवलंय. परवानगी वगैरे आम्ही बघू, फक्त कुठलं बीज चांगलं ते सांगा. — महाड

परवानगीचं ‘वगैरे’ नको. आणि आधी ही गोष्ट वाचा. निळ्या परांचा महाशीर आपला, १८३९ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. लोणावळ्याजवळ त्याचं बीज तयार करण्यात यश आलं, सगळ्यांना आनंद झाला, आणि ते कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीत स्वतःचा महाशीर होता, नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला, जगातल्या मोठ्यात मोठ्या महाशीरांतला. आपला तिथं फोफावला, तिथला हटत गेला. २०१८ मध्ये त्याला शास्त्रीय नावाची ओळख मिळाली, त्याच वर्षी अतिसंकटग्रस्तांच्या यादीत नोंद. बारसं आणि अतिदक्षता विभाग एकाच वर्षी! वाईट हेतूचा यात एकही माणूस नव्हता.

तुमच्या तालुक्यात वाळणकोंड आहे. देवाचे म्हणून तिथले महाशीर कुणी धरत नाही, लोक उलट कुरमुरे घालतात. तुमच्या नदीचा मासा तुमच्याच डोहात आहे. बाहेरचं बीज आणायचे पैसे वाचवा आणि वरच्या अंगाला सुरुंग नि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे कोण आहेत ते बघा.

तुम्ही नागपुरात बसून वाघाची लग्नं जमवा. आमच्या शेजारची बाई मोहफुलं वेचायला गेली, ती आली नाही. पाठवा सगळे वाघ ओडिशाला. — ब्रह्मपुरी तालुका

तुमचं पत्र तीनदा वाचलं.

ब्रह्मपुरीचे वाघ अभयारण्यात नाहीत, तुमच्या धानाच्या बांध्यांत आणि गावाच्या कडेच्या झुडपात आहेत. मोठे झालेले बछडे जागा शोधत बाहेर पडतात आणि पुढची जागा म्हणजे पुढचं गाव. काही वाघ इथून नेताहेत, कोयना-चांदोलीच्या सह्याद्री प्रकल्पासाठीही ताडोबा-पेंचमधून आठ न्यायचं ठरलंय. पण आठ नेल्यानं तुमच्या गावाला फरक पडेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. आणि भूल देऊन नेलेला कधी झीनतसारखा निघूनही येतो.

सरकार २५ लाख देतं. मोहफुलं पहाटे गळतात, आणि पहाट वाघाची वेळ. वाकून वेचणारी बाई त्याला चार पायांवरच्या जनावरासारखी दिसते. उन्हं वर येईपर्यंत जाऊ नका, पाच-सहा जणींनी मिळून जा, एकीनं उभं राहून बघत राहावं, असं वनरक्षक सांगतात. बरोबरच सांगतात. पण उशिरा गेलं तर फुलं दुसरी नेते किंवा गुरं खातात, हेही मला माहीत आहे. वर एवढी पानं जनुकांवर लिहिली, त्यातलं तुमच्या उपयोगाचं एक वाक्य मला सापडलं नाही.

पत्रासोबत तुम्ही अंगणाचा फोटो पाठवलात. फुलं वाळत घातलेली आहेत, बाज आहे, मागं काट्यांचं कुंपण आणि कुंपणाला लागूनच जंगल. फोटो छापायला देत नाही. घर ओळखू येतं.